खुर्चीतून सुटलेला भाला
(भालाफेकीची गोष्ट : भाग ९)

या आठवड्यात यान झेलेझ्नी यायचा होता. भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवल्यावर काय झालं, इथवर आपण आलो होतो. तशा भाल्याने झेलेझ्नीने १९९६ मध्ये येना इथे ९८.४८ मीटर कसे गाठले, हे आज सांगणार होतो. पण रहाटणीच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि झेलेझ्नीला थांबावं लागलं. ते लिहितात, 'आमच्या शेजारच्या थेरगावचे पद्मश्री मुरलीकांत पेटकर पोहण्यातले म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. पण ते भालाही फेकायचे, असं वडील सांगत. हे खरं का?'

अगदी खरं. आणि नुसतं फेकायचे एवढंच नाही. १९७० मध्ये एडिंबराला पक्षाघातग्रस्त खेळाडूंच्या राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिथे पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवलं. दोनच वर्षांनी हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्ण जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. त्या झळाळीत भाला मागे पडला. याच हायडेलबर्गमध्ये ते भालाफेकीच्या अंतिम फेरीतही होते, हे किती जणांच्या लक्षात आहे?

पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्करात ईएमईमध्ये जवान, आणि बॉक्सर. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. पाण्यात उतरले ते उपचाराचा भाग म्हणून. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली. ही हकिकत आता घरोघरी पोचली आहे, तेव्हा मी भाल्याकडे वळतो.

उभ्याने फेकणाऱ्याचा भाला खरं तर पायांतून निघतो, हे आपण तिसऱ्या भागात पाहिलं. धावत आलेलं शरीर पुढचा पाय रोवून एकदम अडवायचं. पाय थांबतो, कंबर फिरते, मग छाती, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. आता यातून धाव काढून टाका, रोवायचा पाय काढून टाका. उरतं काय? धड, खांदा आणि हात. शिवाय मणक्याची इजा जितकी वर, तितकं धडही हाताबाहेर जातं. पोटाचे आणि पाठीचे स्नायू साथ देत नसतील, तर हात मागे नेतानाच तोल जातो. म्हणून तर या खेळाडूंचे इजेनुसार गट पाडतात.

बालेवाडीच्या मैदानावर बसून फेकणाऱ्यांची तयारी मी जवळून पाहिली आहे. फेकायची चौकट आधी पट्ट्यांनी जमिनीला जखडतात. तिच्या बैठकीची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. मग खेळाडूच्या मांड्या पट्ट्यांनी आवळतात. एक पट्टा सैल राहिला, तर सगळा जोर चौकट हलण्यातच वाया जातो. फेकताना बैठक उचलली, तर फेक बाद. पुढे एक उभा दांडा असतो. रिकाम्या हाताने तो घट्ट धरायचा, स्वतःला त्याच्याकडे खेचायचं आणि त्याच ओढीवर दुसऱ्या हातातला भाला सोडायचा. नीरज चोप्राचा डावा पाय जे काम करतो, ते इथे पंजा करतो. पेटकरांच्या काळात अशा चौकटी नव्हत्या. खेळाडू चाकांच्या खुर्चीतूनच फेकत. म्हणून एडिंबराचं ते रौप्य मला फार मोठं वाटतं.

आता माझा आवडता विषय. हायडेलबर्गला पेटकर आणखी एका भाल्याच्या प्रकारात उतरले होते आणि तिथेही अंतिम फेरीत पोचले होते. तो प्रकार म्हणजे नेमबाजीचा भाला. मैदानावर एकात एक वर्तुळं आखलेली असत, भाला जितका मध्याजवळ पडेल तितके गुण जास्त. मीटर मोजायचेच नाहीत! १९६० च्या रोमच्या स्पर्धांतही हा प्रकार होता, पुढे तो बंद पडला. तो बंद पडायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. लांब फेकायला पूर्ण जोर लावून हात मोकळा सोडता येतो. इथे जोर मोजून लावायचा, भाला कुठे उतरेल हे आधी डोळ्यांनी ठरवायचं. ज्याचं धड पक्कं नाही त्याला तर प्रत्येक फेकीत तोल नव्याने सावरायचा. भाल्यावरची हुकमत पाहायला याहून चांगली परीक्षा नाही. शाळांच्या मैदानांवर ही वर्तुळं पुन्हा आखावीत. चुन्याची फक्की तेवढी लागते.

आणखी एक धागा. पेटकरांच्या सुवर्णानंतर पॅरालिम्पिकमधलं भारताचं दुसरं सुवर्ण यायला ३२ वर्षं लागली. २००४ मध्ये अथेन्सला ते आलं, देवेंद्र झाझडियाच्या ६२.१५ मीटरच्या जागतिक विक्रमासह. खेळ कोणता? भालाफेक!

पेटकरांच्या सरावाविषयी लिहिलेलं फार थोडं सापडतं. त्या काळातल्या टेल्कोच्या कामगारांपैकी कोणी त्यांना भाला फेकताना पाहिलं असेल, तर जरूर कळवा. कुठलं मैदान होतं, खुर्ची कोण धरायचं, भाला कसला होता, जे आठवेल ते लिहा. तुमची पत्रं आली तर झेलेझ्नी आणखी एक आठवडा थांबेल.