चारपैकी नेमका कोणता?

जुनी पद्मिनी सिग्नलला उभी असताना थरथरते, घाटात दम टाकते, सायलेन्सरमधून मधूनमधून ‘फट्’ आवाज येतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’. त्यावर सल्ले ठरलेले असतात: चारही प्लग बदला, नाहीतर कार्बोरेटर साफ करून घ्या. मार एकच सिलिंडर खातोय की चारही, हे मात्र कुणी आधी पाहत नाही.

ते शोधायला पैसा लागत नाही. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिचं धातूचं टोक इंजिनला पक्कं टेकवून अर्थ करा आणि गाडी सुरू करून कान द्या. चांगला सिलिंडर तोडला तर इंजिन आणखी अडखळतं. ज्याची वायर काढूनही काहीच फरक पडत नाही, तोच मेलेला. (चालू इंजिनावर उघड्या हातानं वायरी ओढणारे शूर मिस्त्री असतात. तिथे हजारो व्होल्ट खेळत असतात, त्यांची नक्कल नको.) मग त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंगही शेजारी गेलं तर प्लग दोषी. जागचं हललं नाही, तर नवे प्लग घेऊन फक्त खिसा हलका होईल.

‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय’ हे निदान तर सगळ्यांचं लाडकं. पण या गाडीत एकच कार्बोरेटर चारही सिलिंडरना पेट्रोल पुरवतो. जेट तुंबला तर उपासमार सगळ्यांचीच होते, एकट्या तिसऱ्याची नाही. पॉइंट आणि कंडेन्सरचंही सहसा तसंच. एकच सिलिंडर सतत मरत असेल तर आधी रोटरच्या पुढे शोधा: डिस्ट्रीब्यूटरच्या कॅपमधलं त्याचं टोक, वायर, प्लग. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून एखाद्याच सिलिंडरजवळ हवा शिरत असेल, हा मात्र खरा अपवाद. आणि नुकतंच कुणी वायरी काढून बसवल्या असतील, तर १-३-४-२ हा क्रम आधी तपासा.

‘प्लग बाहेर काढून पाहिला, स्पार्क येतोय, म्हणजे करंट ठीक.’ नाही. मोकळ्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून उडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर दिमाखात पेटणारा प्लग आत गप्प बसू शकतो. पावसाळ्यात कॅपला केसाएवढी चीर असली तरी दमट हवेत करंट तिथूनच पळतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे लांबूनच पाहिलं, तर कधीकधी ही गळती निळसर दिसते.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज टॅपेटचा. ‘आवाज नको’ म्हणून टॅपेट आवळून घेणारे मालक पुष्कळ. पण गरम झालेल्या व्हॉल्व्हला लांबायला जागा उरली नाही, तर तो सीटवर पूर्ण टेकत नाही. कॉम्प्रेशन निसटतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते आणि तो सिलिंडर मरतो. थोडी टकटक परवडते. गॅप फीलर गेजनं कंपनीच्या मापाला ठेवायचा, कानाच्या मापाला नाही.

‘कॉम्प्रेशन कमी, म्हणजे रिंग-पिस्टन गेले, इंजिन उतरवा.’ थांबा. त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलाय. जागेवरच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर, आणि मग हेड खोलून भागण्याची शक्यता मोठी. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील, तर त्यांच्यामधलं गॅस्केट उडालं असण्याचा संभव जास्त.

‘तीन सिलिंडरवर चालतेय, चालू दे’ असंही म्हणतात. स्पार्कअभावी न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगांमधून खाली संपमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर दुरुस्तीबरोबर ऑइलही बदलून घ्या.