धूर जाईल कुठं?

घरात बीएस-६ डिझेल गाडी असेल तर डॅशबोर्डवर कधीतरी पिवळा दिवा लागलेला तुम्ही पाहिला असेल. मेकॅनिक सांगतो, "डीपीएफ भरलाय, हायवेला एक लांब फेरी मारून या." आपण कागलपर्यंत जाऊन येतो, दिवा विझतो, विषय संपतो. पण काजळी अडवणाऱ्या या फिल्टरची गरज सगळ्यात जास्त कुठं असते माहितीय? जमिनीखाली.

रस्त्यावरचा धूर वारा पांगवतो. भूमिगत खाणीत वारा म्हणजे वरून पंख्यानं ढकललेली हवा, बस्स. आणि त्याच बोगद्यात डिझेलवरचे डंपर आणि बुटके लोडर पाळीभर फिरत असतात. अनेक देशांत हिशेब असा, की इंजिनाच्या दर किलोवॅटमागं सेकंदाला साधारण ०.०६ घनमीटर ताजी हवा हवी. म्हणजे २०० किलोवॅटच्या एका लोडरसाठी १२ घनमीटर. तुमची १० बाय १० ची खोली अडीच सेकंदांत भरेल एवढी हवा, ती पण सतत!

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापूरला याचं काय? आपल्याकडं बॉक्साइटच्या खाणी आहेत, पण त्या उघड्या. भूमिगत खाणी बघायच्या तर नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडं जावं लागतं. पण इंजिन हा तर आपल्या घरचा विषय ना भावा! शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत ब्लॉक आणि हेड ओतले जातात, कागलला किर्लोस्करचा इंजिन कारखाना आहे.

तर त्या धुराची गोष्ट. अमेरिकेत १९९२ मध्ये आठ खाणींतल्या १२,३१५ कामगारांचा अभ्यास सुरू झाला. खाणी मुद्दाम मीठ, पोटॅश, चुनखडी, ट्रोना अशा निवडल्या. तिथं सिलिका, रेडॉन असे फुप्फुसाचे दुसरे शत्रू कमी, त्यामुळं दोष धुराचाच की आणखी कशाचा, हे वेगळं काढता येतं. खाण उद्योगातल्या एका गटानं कोर्टकचेरी केली, निष्कर्ष लांबत गेले आणि छापून आले थेट मार्च २०१२ मध्ये. वीस वर्षं! अभ्यास सुरू झाला तेव्हा कामाला लागलेला पोरगा तोवर चाळिशीत पोचला असेल. निष्कर्ष काय, तर सगळ्यात जास्त धूर घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचा धोका सुमारे तिप्पट. कधीच विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत तर सातपट. त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं डिझेलचा धूर थेट पहिल्या गटात टाकला. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत, तोच.

मग फिल्टर लावा की! इथंच खरी गंमत आहे, आणि संशोधकांची डोकेदुखीही. डीपीएफ म्हणजे सिरॅमिकचं मधमाशीच्या पोळ्यासारखं ठोकळं. त्यातल्या नळ्या एकाआड एक बंद असतात, त्यामुळं धुराला भिंतीतूनच जावं लागतं आणि काजळी मागं राहते. ती जाळून टाकायची तर नुसत्या उष्णतेवर साधारण ६०० अंश लागतात. खाणीतला लोडर थांबत-थांबत चालतो, त्याचा धूर तेवढा तापतच नाही. आणि तिथं कागलपर्यंतची फेरी कुठून मारणार? म्हणून फिल्टरला प्लॅटिनमसारख्या धातूचा मुलामा देतात, काजळी कमी तापमानाला जळते. पण तोच मुलामा धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रोजन डायऑक्साइड करू शकतो, आणि हा वायू फुप्फुसाला जास्त घातक. काळा धूर दिसेनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही. एक मोजून भागत नाही, दोन्ही मोजावं लागतं.

कोळशाच्या खाणीत तर आणखी वेगळं. तिथं मिथेन असतो, ठिणगी पडली की संपलं. अशा ठिकाणी चालणाऱ्या इंजिनाचा पृष्ठभाग १५० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा अमेरिकेतला नियम आहे. मग आत ६०० अंशांवर काजळी जाळणारा फिल्टर तसाच कसा बसवणार? तिथं धूर आधी पाण्यानं थंड करतात आणि मग कागदाच्या, बदलता येणाऱ्या फिल्टरमधून सोडतात. एवढं सगळं तंत्रज्ञान, आणि शेवटी कागद!

मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलला असाल तर हे सगळं लांबचं समजू नका. १ जुलै २०२३ पासून डिझेल जनरेटरला सीपीसीबी-४ प्लस नियम लागू झाले. इंजिनाइतकंच त्याच्या धुराचं गणित येणारी माणसं आता इंजिन कारखान्यांना लागणार. पुण्याच्या एआरएआयमध्ये इंजिन डायनॅमोमीटरवर चढवून त्याच्या धुराची चाचणी होते. संधी मिळाली तर जाऊन बघाच.

एक गोष्ट मात्र आत्ताच बघून ठेवा. राजस्थानातल्या जस्ताच्या खाणींत बॅटरीवरची वाहनं उतरू लागली आहेत. त्यांना धूर नाही, फिल्टर नाही, आणि इंजिनाचा ब्लॉक-हेडही नाही. मोटारचं कवच, गिअरबॉक्स, ब्रेकचे भाग मात्र ओतावे लागतातच. घरात कुणी फौंड्रीत असेल तर आज जेवताना विचारून बघा, सध्या साचे कशाचे चाललेत.