बैल वणजाऱ्याचे, भरवसा सराफाचा

वडोदऱ्यात वाडी भागातून कोटाच्या आत गेलं की मांडवी लागते. चारही दरवाजांचे रस्ते इथेच मिळतात. सुरत-अहमदाबाद वाटेवरच्या या शहरात माल यायचा तो गाड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून. बैलांचे असे तांडे प्रचंड असत: १६३२ मध्ये इंग्रज प्रवासी पीटर मंडीने उत्तर हिंदुस्थानात बैलांवरून माल नेणाऱ्या वणजाऱ्यांचा १४,००० बैलांचा तांडा पाहिला.

पण मला खरी कमाल वाटते सराफाची. वाटेत रोकड लुटली जाई, म्हणून व्यापारी एका गावी सराफाकडे पैसे भरून हुंडी घेई आणि दुसऱ्या गावच्या पेढीवर वटवी. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरल्या मितीला. शहाजोग हुंडीचे पैसे पतदार शहालाच मिळत, त्यामुळे चोराच्या हाती ती पडली तरी वटवणं कठीण. सराफ या व्यवहारावर हुंडणावळ, म्हणजे आपलं शुल्क, घेई. वडोदऱ्याच्या हरिभक्ती पेढीने तर पुढे गायकवाड सरकारलाही कर्ज दिलं.