मुलांच्या पथकात आई-वडिलांची जागा

आपल्या समाजात मुलांना शिकविण्याची तळमळ आता कोणाला समजावून सांगावी लागत नाही. धुणीभांडी करणारी आई असो, रेल्वेतील गँगमन बाप असो, पोटाला चिमटा घेऊन पोरांची फी भरली जाते. परंतु शाळा सुटल्यानंतरचे चार तास आणि सुट्टीचा दिवस याचा विचार आपण किती करतो? शिस्त, सेवा, धाडस, चार पोरांत मिळून काम करण्याची सवय या गोष्टी पाठ्यपुस्तकात मिळत नाहीत. त्या पथकात मिळतात. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड या पट्ट्यातील आमच्या धम्मबांधवांपुढे आज आम्ही हाच विषय ठेवीत आहोत.

पथक आपल्याला नवे नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२७ साली समता सैनिक दल उभे केले. गणवेश, कवायत आणि संचलन यांतून मान खाली घालून चालणाऱ्या समाजाला ताठ उभे राहण्याची सवय लागली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला परिषद भरली, तेव्हा महिलांची आणि समता सैनिक दलाचीही परिषद त्याच मंडपात झाली. दलात उभे राहिलेले लोक गिरणीकामगार होते, मजूर होते, संसारी माणसे होती. आजही ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची रांग हे दल सांभाळते.

मुलांसाठी असलेले स्काउट-गाइडचे पथकही याच जातीचे काम आहे. बेडन पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमध्ये मुलांचे पहिले शिबिर घेतले. हिंदुस्थानात ही चळवळ १९०९ मध्ये आली, पण सुरुवातीला ती गोऱ्यांच्या मुलांपुरती होती. म्हणून १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला आणि १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय यांनी अलाहाबादला हिंदी मुलांसाठी वेगळी पथके काढली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकत्रीकरण होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. स्काउट सर्वांचा मित्र असतो, असे तिचा नियम सांगतो. ज्यांना पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही, त्यांच्या नातवंडांनी हा नियम हक्काने वापरावा.

पथक चालते कसे?

लहान मुलांचे कब-बुलबुल, दहा वर्षांवरील मुलांचे स्काउट व मुलींचे गाइड, आणि त्यापुढील तरुणांचे रोव्हर-रेंजर अशी रचना असते. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा संघनायक मुलांपैकीच एक. असे तीन-चार संघ मिळून पथक होते. मोठी माणसे स्काउट मास्तर किंवा गाइड कॅप्टन म्हणून काम पाहतात. आपल्याकडे बहुतेक पथके शाळांतून चालतात व शिक्षकच ती सांभाळतात. परंतु शाळेबाहेर, वस्तीतही मुक्त पथक काढता येते, आणि प्रशिक्षण घेऊन पालकही त्याचे नेते होऊ शकतात.

येथे आयाबहिणींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलींच्या पथकाची कॅप्टन स्त्रीच असावी लागते. वस्तीतील एकही बाई पुढे आली नाही, तर मुलगे तंबू ठोकायला जातील आणि मुली घरी भाकऱ्या थापत राहतील. आई दहावी नापास आहे म्हणून ती कॅप्टनला मदतही करू शकत नाही, असे थोडेच आहे? मुलींना सहलीला पाठवायचे तर सोबत ओळखीची बाई आहे, एवढ्या एका गोष्टीवर कितीतरी घरांतून परवानगी मिळते.

प्रतिज्ञेचा प्रश्न

स्काउटच्या प्रतिज्ञेत ईश्वराविषयीच्या कर्तव्याचे शब्द आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या मुलाने ते कसे म्हणावेत? बरेच पालक या अडचणीपायी मुलाला पथकातच घालत नाहीत, किंवा घालून गप्प बसतात. दोन्हींची गरज नाही. ‘ईश्वर’ या शब्दाच्या जागी ‘धर्म’ हा शब्द वापरण्याची मुभा संस्थेच्या नियमातच आहे. मात्र हे पथकातील शिक्षकांना ठाऊक असेलच असे नाही. पालकाने प्रवेशाच्या वेळीच नम्रपणे, पण स्पष्ट सांगावे. शिबिरात सर्वधर्म प्रार्थना होते, तेव्हा आपल्या मुलाला त्रिसरण-पंचशील शुद्ध म्हणता आले पाहिजे. ती तयारी घरातली आहे, ती शिक्षकावर ढकलता येणार नाही.

मावळात हे का हवे?

आपला भाग पावसाचा आणि पाण्याचा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळून चार जण दगावले. दोरीची पक्की गाठ, प्रथमोपचार, गर्दीत शांत राहणे आणि वाढत्या पाण्यात न उतरणे हे शहाणपण आपल्या पोरांना आलेच पाहिजे.

आणि शिकविणारे आपल्याच घरात आहेत. रेल्वेतल्या माणसाला शिट्टीचे व झेंड्याचे इशारे येतात. डेपोतल्या कामगाराला आग विझविण्याचे शिक्षण मिळालेले असते. भात लावणाऱ्या आजीला ओढा कधी फुगतो ते कळते. शिवणकाम करणारी बहीण गणवेश बेतून देईल. चिक्कीच्या कारखान्यात काम करणारी आई मुलांच्या ‘खरी कमाई’चा हिशेब चोख ठेवील. एकाच माणसावर भार नको. पाळीची कामे असणाऱ्या चार-पाच पालकांनी वार वाटून घेतले, तर पथक बंद पडत नाही. सहलीला मात्र निदान दोन मोठी माणसे हवीतच.

एक पथ्य सांगतो. पालकाने पुढारी होऊन मुलांच्या हातातले काम हिसकावू नये. तंबू वाकडा लागला तर लागू द्यावा, भात करपला तर तोच खाऊ द्यावा. संघनायक मुलालाच निर्णय घेऊ द्यावा. स्वतःच्या मुलाला आधी नंबर देणारा पालक पथक फोडतो, हेही विसरू नये.

कुठे सुरुवात करावी? आधी मुलांच्या शाळेत पथक आहे का, ते विचारावे. असेल तर मदतीला नाव द्यावे. नसेल तर पाच-सहा घरांनी बुद्ध विहारात बसून ठरवावे आणि जिल्हा स्काउट-गाइड कार्यालयाकडे नोंदणीची व प्रशिक्षणाची चौकशी करावी. मोकळी जागा विहारापुढे असतेच.

पहिल्या सहलीसाठी लांब जायला नको. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आपल्या उशाशी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेख मुलांना दाखवावेत. धेनुकाकटाचा सामी नावाचा सुतार आणि सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, दोघांचीही नावे तिथल्या दगडावर कोरलेली आहेत. एवढे मोठे काम एकट्या राजाने केले नाही. कारागिराने, व्यापाऱ्याने, भिक्षूंनी आपापला वाटा दिला. परतताना देहूरोडला उतरून, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी जिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ते विहारही दाखवावे.

तेव्हा समाजबांधवांनो, येत्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा वंदनेनंतर दहा मिनिटे हा विषय काढा. कोण आठवड्यातले दोन तास देणार, एवढेच विचारा. दोन हात वर झाले तरी पथक उभे राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!