छपरावरची यंत्रे आणि खालची माणसे

वैशाखातल्या एखाद्या दुपारी नंदुरबारच्या बाजारपेठेतून जाणाऱ्या माणसाने क्षणभर मान वर करून इमारतींच्या माथ्याकडे पाहावे. बँका, दवाखाने, कापडाची दुकाने, शिकवणीचे वर्ग, मंगल कार्यालये आणि सरकारी कचेऱ्या यांच्या गच्च्यांवर आणि पत्र्यांवर करड्या पेट्यांची एक वसाहतच उभी राहिलेली दिसेल. एके काळी याच गच्च्यांवर पापड-कुरडया वाळत असत. आता तेथे वातानुकूलन यंत्रांचे पंखे गरगरत असतात. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ज्या उन्हाच्या जिवावर मिरची वाळते, तेच ऊन या पेट्यांवर दिवसभर ओतत असते. आणि खालच्या खोलीतील उष्णता उपसून त्याच तापलेल्या हवेत फेकणे हे त्या पेट्यांचे काम असते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर बँकांच्या शाखा, रुग्णालये, निवासस्थाने आली आणि या सर्वांबरोबर थंडाव्याची गरज आली. तीत गैर काही नाही. खानदेशातील उन्हाळा ज्याने अनुभवला आहे तो वातानुकूलनाला चैन म्हणण्याचे धाडस करणार नाही. प्रश्न आहे तो निराळाच. या यंत्रांना दिलेल्या विजेपैकी किती विजेचा खरोखर थंडावा होतो आणि किती गच्चीवरच वाया जाते, याचा हिशेब कोणी ठेवतो काय?

जुन्या घरांनी हा हिशेब आपल्या परीने ठेवला होता. खानदेशातील धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असे. दुपारचे ऊन त्या थरातून खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ होई आणि तोवर घरातील माणसे अंगणात येऊन बसलेली असत. कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागत. त्यांवर पाणी शिंपडण्याचे काम शिपायाकडे असे. धाब्याच्या जागी पत्रा आणि सिमेंटचा पातळ स्लॅब आला, ताट्यांच्या जागी कूलर आणि पुढे वातानुकूलन यंत्र. मातीचे काम विजेकडे सोपवले गेले. पत्रा स्वस्त पडला असे बांधकामाच्या वहीत दिसते. त्याची उरलेली किंमत दर महिन्याच्या वीजबिलातून वसूल होत राहते.

यंत्र विकत घेताना त्याच्यावर जी क्षमता लिहिलेली असते, ती प्रयोगशाळेत मोजलेली असते. खोलीत २७ अंश आणि बाहेर ३५ अंश सेल्सिअस, अशा ठरावीक स्थितीत यंत्र किती उष्णता उपसते ते पाहून ‘इतक्या टनांचे’ असा शिक्का बसतो. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. २०१० सालापासून खोलीतील लहान यंत्रांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले. पुढे आलेल्या हंगामी मापनात बाहेरची हवा २४ ते ४३ अंशांपर्यंत बदलते असे धरून वर्षाचे १,६०० तास हिशेबात घेतले जातात. देशभरासाठी ही सरासरी उपयुक्तच आहे. परंतु नंदुरबारात मे महिन्याच्या दुपारी सावलीतलाच पारा चाळीस ओलांडतो. तापलेल्या पत्र्यालगतची हवा त्याहूनही काही अंशांनी अधिक उष्ण असते. यंत्राला श्वास घ्यावा लागतो तो या हवेत. बाहेरचे तापमान एका अंशाने चढले की त्याच थंडाव्यासाठी दोन-तीन टक्के अधिक वीज लागते, असा साधारण अनुभव आहे. अशा वेळी दुकानात पाहिलेले पाच तारे गच्चीवर तितकेच तेजस्वी राहतील, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होय.

त्यातून ही यंत्रे नवी राहत नाहीत. उन्हाळ्यातल्या वावटळीबरोबर आलेली धूळ कॉईलच्या पातळ पत्र्यांत घट्ट बसते. गाळणीच्या जाळ्या महिनोन् महिने धुतल्या जात नाहीत. मोठ्या पॅकेज यंत्रांची थंड हवा ज्या पत्र्याच्या नळांतून खाली येते, त्यांचे सांधे सुटतात आणि थंड केलेली हवा गच्चीलाच गार करीत बसते. वीजदाब उतरला की कॉम्प्रेसर तापतो. हे सारे घडत असताना खोलीत मात्र थोडाबहुत गारवा येतच असतो. त्यामुळे यंत्र चालू आहे, एवढ्यावर सर्वांचे समाधान होते. चालणे आणि नीट चालणे यांतला फरक विजेच्या मीटरला कळतो, पण मीटरकडे पाहण्याचे काम कोणाच्याच कर्तव्यसूचीत नसते.

एक उदाहरण हिशेबापुरते घेऊ. गच्चीवर दहा टनांचे, म्हणजे ३५ किलोवॅट उष्णता उपसणारे यंत्र आहे. नवे असताना ते एका युनिट विजेत ३.२ युनिट उष्णता बाहेर काढीत होते, असे समजा. दहा-बारा वर्षांच्या धुळीने आणि दुर्लक्षाने तो आकडा २.१ वर आला. तेवढ्याच थंडाव्यासाठी पूर्वी ११ किलोवॅट पुरत, आता जवळजवळ १७ लागतात. पूर्ण भाराच्या १,२०० तासांत हा फरक पावणेसात हजार युनिटांच्या वर जातो. व्यापारी दराने त्याची किंमत किती, हे ज्याने त्याने आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे.

हा आकडा शोधून काढायला परदेशी तज्ज्ञ बोलवावे लागत नाहीत. कॉईलपूर्वी आणि कॉईलनंतर हवेचे तापमान किती, आत परत जाणाऱ्या हवेचा वेग किती, आर्द्रता किती आणि तारेभोवती चिमटा-मीटर लावला असता वीज किती, एवढी मापे घेतली की यंत्राची नाडी कळते. कोणत्याही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शीतकरणाचा अभ्यासक्रम नीट पुरा केलेल्या तरुणाच्या आवाक्यातले हे काम आहे. प्रत्यक्षात होते ते असे की, तक्रार गेली की मेकॅनिक येतो, ‘गॅस संपला’ असे सांगतो, गॅस भरतो आणि जातो. वास्तविक गॅस हे इंधन नव्हे, तो संपत नाही, तो गळतो. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या हंगामापर्यंत आकाशात जातो. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू वातावरण तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट प्रभावी आहे. शिवाय तो ओझोनलाही मारक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार २०३० पर्यंत त्याचा वापर जवळजवळ थांबवायचा आहे. अशा यंत्रात दर उन्हाळ्यात पैसे ओतणे म्हणजे मरणपंथाला लागलेल्या बैलाला नवी झूल शिवण्यासारखे आहे.

मग सारी जुनी यंत्रे काढून नवी बसवावीत काय? विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते. अमेरिकेत दुकाने आणि कचेऱ्या यांच्या छपरांवर अशी पॅकेज यंत्रे फार मोठ्या संख्येने आहेत. तेथील ऊर्जा खात्याने २०१३ साली त्यांच्या सुधारणेची मोहीमच काढली. त्याच सुमारास तेथील एका राष्ट्रीय प्रयोगशाळेने आठ इमारतींवरील ६६ यंत्रांना, यंत्रे न बदलता, फक्त नवी नियंत्रणे बसवून पाहिली. यंत्रांचा वीजवापर सरासरी ५७ टक्क्यांनी उतरला. यात जादू नव्हती. अशा यंत्रांतील पंखा, थंडाव्याची गरज असो वा नसो, दिवसभर पूर्ण वेगाने फिरत असतो. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याला लागणारी शक्ती तत्त्वतः एक-अष्टमांशावर येते. गरजेप्रमाणे वेग बदलणे आणि बाहेर गारवा असेल तेव्हा कॉम्प्रेसर बंद ठेवून ती हवाच आत घेणे, एवढ्यातूनच बहुतेक बचत साधली. मार्गशीर्ष-पौषात सातपुड्याच्या पायथ्याशी सकाळी जो गारवा असतो तो फुकटचा आहे. खिडक्या बंद करून त्याच वेळी वातानुकूलन चालविणारी सभागृहे मात्र आपल्याकडे आहेत.

अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा नंदुरबारला लागू करणे चुकीचे ठरेल. तेथील यंत्रे मोठी, आपल्याकडे बहुतांशी दीड-दोन टनांची सुटी यंत्रे. क्रम मात्र तोच असावा. प्रथम छप्पर. पत्र्यावर वा स्लॅबवर चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात फिरविला तर खालची खोली मुळातच कमी तापते. अहमदाबादेने २०१३ च्या उष्णताविरोधी आराखड्यानंतर गरीब वस्त्यांत हा प्रयोग केला आणि तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. चुना नंदुरबारला अपरिचित नाही. त्यानंतर बाहेरच्या पेटीवर सावली, पण हवा कोंडणार नाही अशा अंतरावर. मग स्वच्छता, सांधे, पंखे. एवढे झाल्यावर पुन्हा मोजावे, आणि तरीही जे यंत्र निकामी ठरेल ते बदलावे. बदलतानाही ‘शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन’ हा ठोकताळा बाजूस ठेवावा. छप्पर पांढरे केलेल्या खोलीला लहान यंत्र पुरते, आणि गरजेहून मोठे यंत्र सारखे चालू-बंद होऊन स्वतःची झीज करून घेते.

कूलरचा विचार यात कमीपणाचा मानला जातो, तो का हे समजत नाही. हवेचे तापमान ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असता चांगला कूलर ती हवा २८-२९ अंशांवर आणू शकतो, आणि त्याला लागणारी वीज दीड टनी यंत्राच्या मानाने किरकोळ असते. आषाढात हवा दमट झाली की त्याचे काही चालत नाही, हे खरे. तो पाणीही पितो, आणि विरचक धरणावर विसंबलेल्या शहरात उन्हाळ्यातले पाणी जपूनच वापरावे लागते. तरीही एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत मोठी दालने कूलरवर आणि औषधांची खोली किंवा शस्त्रक्रियागृह वातानुकूलनावर, अशी वाटणी करणे शहाणपणाचे आहे.

अडचण यंत्रशास्त्राची कमी आणि हिशेबपद्धतीची अधिक आहे. सरकारी कचेरीत यंत्राची खरेदी एका शीर्षाखाली होते, वीजबिल दुसऱ्या शीर्षाखाली जाते आणि दुरुस्ती तिसऱ्याच खात्याकडे असते. सर्वांत कमी किमतीची निविदा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दहा वर्षांचे वीजबिल विचारण्याची मुभा नसते. आणि बिल भरणाऱ्या लिपिकाला यंत्राविषयी बोलण्याचा अधिकार नसतो. बाजारपेठेत हीच गोष्ट मालक आणि भाडेकरू यांच्यात घडते. गाळा मालकाचा, पत्रा मालकाचा, बिल भाडेकरूचे. केंद्र सरकारच्या मार्च २०१९ च्या शीतकरण आराखड्याने २०३७-३८ पर्यंत थंडाव्यासाठीचा ऊर्जावापर २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. राज्यात ऊर्जासंवर्धनाचे काम पाहणारी महाऊर्जा ही संस्थाही आहे. पण एकाच इमारतीतील तीन शीर्षे एका टेबलावर आणल्याखेरीज उद्दिष्ट कागदावरून गच्चीवर चढणार नाही.

आणि या बचतीला नंदुरबारात आणखी एक अर्थ आहे. ज्या इमारतीत साहेबांची खोली १८ अंशांवर असते, त्याच इमारतीच्या पत्र्याच्या ओसरीत धडगाव-अक्कलकुव्याहून पहाटे निघालेली माणसे दाखल्यासाठी तासन् तास उभी असतात. खोलीतून तीन भाग उष्णता काढायला एक भाग वीज लागली तर बाहेर चार भाग उष्णता टाकली जाते, आणि पेटी ओसरीच्या अंगाला असेल तर ती त्यांच्याच अंगावर. नोंदवहीत डोके खुपसून बसलेला लिपिक आणि पत्र्याच्या वर्गात परीक्षा देणारा विद्यार्थी यांचीही स्थिती फारशी निराळी नाही. नियंत्रक एका अंशाने वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. साहेबांची खोली १८ वरून २४ अंशांवर आली, तर त्या बचतीतून ओसरीवरचे पंखे आणि एखादा कूलर आरामात चालेल. पत्र्याला चुना फासण्याचा खर्च तर किरकोळच.

सध्याच्या रीतीप्रमाणे अनुदान संपविण्यासाठी यंत्रांची खरेदी मार्चअखेरीस होते, आणि तीही कोणतीच मोजमापे हाती नसताना. मोजमापाची वेळ मेमधील दुपारी दोन ते चारची आहे, यंत्र धापा टाकीत असतानाची. प्रत्येक कचेरीने, शाखेने, दवाखान्याने त्या दोन तासांचे आकडे यंत्रागणिक एका पानावर लिहून ठेवले, तर पुढच्या मार्चमध्ये खरेदीच्या टिपणीला जोडायला निदान तेवढा कागद हाताशी असेल.