पाणी फिरेपर्यंत

उरणात गळ घेऊन निघणारा माणूस घड्याळ नंतर बघतो, आधी भिंतीवरचं कॅलेंडर. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण भरायची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. आत शिरलेल्या खाडीत पाणी पोचायला थोडा उशीर होतो, तेवढा वरून धरायचा. वैशाखात सूर्य सातच्या सुमारास बुडतो. म्हणजे दशमीची भरती उजेडाच्या अगदी शेपटाला येते, आणि ऊन उतरल्यावर निघालेल्याला चढत्या पाण्याचे शेवटचे दीड-दोन तास हाती लागतात. शिवाय अष्टमी-नवमीचा भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस, नुकताच सरलेला असतो. पाण्याला ओढ असते, पण उधाणासारखी शिसं उचलून नेणारी नसते. एवढं सगळं जुळलं तर जायचं. सुट्टी रविवारची आहे म्हणून रविवारी जाणाऱ्यांबद्दल मला बरोबर नेणाऱ्या मामांचं मत फारसं चांगलं नाही.

खोपट्याच्या पुलाच्या खालच्या अंगाला खारबंदिस्तीवरून चालत गेलं की तिवरांमध्ये एक मोकळी जागा येते. वर पुलावरून कंटेनर लादलेले ट्रेलर धडधडत जातात. खाली चिखलावर निवट्या उड्या मारतात आणि पाणी पुढे सरकेल तशा काठाकडे पळतात. काठाला खोचलेली काडी किती भिजली हे मामा अधूनमधून बघतात. कॅलेंडरवर विश्वास असला तरी खाडीला विचारून घेतलेलं बरं.

सामान फारसं नसतं. काठी नाही, चक्री नाही. प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं, त्याच्या वर वीतभर अंतरावर गळ. आमिष म्हणजे सकाळी पागाने धरून ओल्या गोणपाटात जपलेली जिवंत कोळंबी. ती गळाला लावणं हेच खरं कसब. शेपटीच्या पेरातून गळ अलगद आरपार काढायचा. डोक्यात घुसवला तर कोळंबी जागच्या जागी मरते, आणि तडफडत नसलेल्या कोळंबीकडे जिताडा ढुंकून बघत नाही. मासा जिताडाच लागेल असं कुणीच म्हणत नाही, तयारी मात्र त्याचीच असते. प्रत्यक्षात येतो तो शिंगाळा.

गढूळ पाण्यात शिंगाळ्याला डोळ्यांचा उपयोग कमीच. तो तळाशी मिशांनी चाचपत फिरतो, म्हणून शिसं तळाला टेकलेलं हवं. तंगूस तर्जनीवरून सोडून बसायचं. आधी नुसतं टुकटुक होतं. "वढू नको," मामा माझ्या हाताकडे न बघताच म्हणाले. "मिशा लावतंय अजून. तोंडान घेव दे." मग तंगूस एका दिशेला सरळ चालू लागतो. तेव्हा मनगटाने एक हिसका, आणि मग हात न थांबवता ओढून घ्यायचं. ढील दिली की मासा पुलाच्या खांबाकडे वळतो, आणि खांबाला चिकटलेली कालवं तंगूस कापून टाकतात.

वर आल्यावर शिंगाळा कुरकुरल्यासारखा आवाज काढतो. त्याला हात लावण्याआधी पाठीवरचा एक आणि गालफडांमागचे दोन काटे ओळखून घ्यायचे. करवतीसारख्या धारेचे, विषारी. टोचला तर हात कोपरापर्यंत ठणकतो आणि माणूस रात्री गरम पाण्यात बोटं बुडवून बसतो. मामांनी ओलं फडकं टाकून तो काट्यांच्या मागे दाबला, पकडीने तिन्ही काटे मोडले, मग गळ सोडवला. काटे चिखलात टाकायचे नाहीत, उद्या तिथे कुणीतरी अनवाणी उतरणार असतं. ते डब्यात गेले.

या दांडगट माशाची एक गोष्ट मला फार आवडते. विणीच्या दिवसांत नर शिंगाळा गोटीएवढी अंडी तोंडात धरून फिरतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही खात नाही. तेवढ्या दिवसांत त्याला गळाची भीती नाही.

बोयची तऱ्हा वेगळी. बोय चिखलावरची शेवाळाची साय खरवडून खाते, कोळंबीशी तिला देणंघेणं नाही. पाणी चिखलावर चढत जातं तशी ती काठाकाठाने आत येते, पाण्यावर नुसत्या सुरकुत्या दिसतात. तिच्यासाठी बारीक गळ, थर्माकोलचा तुकडा आणि कणकेची गोळी. कणकेत कापसाचे धागे मळतात, नाहीतर गोळी विरघळून नुसता गळ लटकत राहतो. बोयचे ओठ इतके मऊ की हिसका दिला तर ओठ फाटून मासा जातो. शिंगाळ्यासाठी मनगटाला लावलेली सवय इथे विसरावी लागते. खरं तर बोय पागाचीच. एक फेक नीट पडली की गळवाल्याची अख्खी संध्याकाळ भरून निघते. तरी मामा गळाने धरतात, कारण विचारलं तर हसतात.

न्हावा-शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, त्याच्या आधीच्या जागा मामा बोटाने हवेत दाखवतात. न्हावा, शेवा, जासईकडचा खाजणाचा भाग. त्यांतल्या कितीतरी आता भरावाखाली आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली इथल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. हौसेचा गळवाला अशा कुठल्याच हिशेबात येत नाही, आणि यायलाही नको. त्याच्याकडे ना होडी असते ना परवाना, नुसत्या जागा ठाऊक असतात. तिकडे इंग्लंडात नद्यांवर बहुतेक माशांसाठी गळ १५ मार्च ते १५ जून कायद्यानेच बंद असतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती यांत्रिक होड्यांना. गळ पाऊसच बंद करतो, लाल पाणी खाडीत उतरलं की कोळंबी लावण्यात अर्थ नसतो.

काडी बुडाली, पाणी थबकलं. या थबकण्यात मासा तोंड लावत नाही, म्हणून मामांनी तंबाखू मळून घेतली. मग तिवराचं एक पान समोरून समुद्राकडे निघालं. सुकती लागली. या पहिल्या अर्ध्या तासात तिवरांत चरायला गेलेला मासा परत फिरतो, आणि आणखी एक शिंगाळा तेव्हाच आला, पहिल्यापेक्षा मोठा. मग अंधार झाला आणि डासांनी उठवलं.

वाटणीत बोय मामांनी ठेवून घेतल्या, शिंगाळे मला दिले. आमच्याकडे बिनखवल्याच्या माशाला नाक मुरडतात हे त्यांना ठाऊक आहे. "आधी मीठ-हळद चोळून दोनदा धू," ते म्हणाले, "आन चिंच नको, कैरी टाक. आता कैरी हाय तवर."