एनएमएमएसची तयारी : सराव पेपर सोडवले, पण चुकांची नोंद ठेवली का?

जव्हार तालुक्यातील जामसर आणि आसपासच्या पाड्यांवरील आठवीच्या विद्यार्थ्याला स्पर्धा परीक्षेसाठी महागडी शिकवणी परवडणारी नसते. हाताशी असतात शाळेची पुस्तके, शिक्षकांनी दिलेले जुने पेपर आणि वही-पेन. एवढ्या सामग्रीवर तयारी करताना अनेकदा एक गोष्ट राहून जाते. पेपर सोडवला जातो, उत्तरसूचीशी ताडून गुण मोजले जातात आणि पेपर दप्तरात जातो. समजा, 180 पैकी 84 गुण मिळाले. मग उरलेले 96 प्रश्न का चुकले? त्याचे उत्तर शोधण्याचा साधा मार्ग म्हणजे चुकांची वही.

परीक्षा काय आहे, कोणासाठी आहे?

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना, म्हणजेच एनएमएमएस, केंद्र सरकारने 2008 मध्ये सुरू केली. राज्यात ही परीक्षा पुण्यातील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी 12 हजार रुपये, म्हणजे चार वर्षांत 48 हजार रुपये मिळतात. त्यासाठी पुढील वर्गांतही ठरवून दिलेले गुण राखावे लागतात. महाराष्ट्राचा कोटा 11 हजार 682 शिष्यवृत्त्यांचा आहे.

पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे. शासकीय, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकणारा विद्यार्थी परीक्षेला बसू शकतो. मात्र शासनाकडून निवास, भोजन आणि शिक्षण अशा तिन्ही सोयी घेणारे विद्यार्थी अपात्र ठरतात. आश्रमशाळांची संख्या मोठी असलेल्या जव्हार-मोखाड्यात अर्ज भरण्यापूर्वी ही अट नीट वाचायला हवी.

बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे दोन पेपर असतात. प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एकच मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पात्रतेसाठी दोन्ही पेपर मिळून 40 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी 32 टक्के गुण लागतात. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीनुसार मिळते. त्यामुळे नुसते पात्र होऊन भागत नाही.

वहीत काय लिहायचे?

प्रत्येक चुकीसाठी चार रकाने पुरेसे आहेत : प्रश्न, आपण दिलेले उत्तर, ते का दिले आणि बरोबर रीत. यातला तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. बरोबर उत्तर सूचीत मिळते, चुकीचे कारण सूचीत नसते. कारण साधारण चार प्रकारचे असते आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

संकल्पनेची चूक : ‘वस्तूची किंमत 20 टक्क्यांनी वाढवली, नंतर 20 टक्क्यांनी कमी केली, तर एकूण फरक किती?’ अनेकांचे उत्तर ‘शून्य’. प्रत्यक्षात 100 चे 120 होतात आणि 120 चे 20 टक्के म्हणजे 24 कमी होऊन 96 उरतात. घट 4 टक्के. येथे धडा पुन्हा वाचून त्याच प्रकारची पाच-सहा उदाहरणे सोडवावी लागतात.

वाचनाची चूक : ‘अयोग्य विधान ओळखा’ असे विचारलेले असताना योग्य विधान निवडणे. ज्या घरांत वारली किंवा कोकणा बोली बोलली जाते, तेथील मुलांना ‘विसंगत’, ‘पर्यायी’ असे पुस्तकी शब्दही अडवू शकतात. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर अर्थासह लिहावेत आणि प्रश्नातील ‘अयोग्य’, ‘नाही’, ‘वगळून’ हे शब्द अधोरेखित करण्याची सवय लावावी.

घाईची चूक : 3, 8, 15, 24 यानंतरची संख्या कोणती? फरक 5, 7, 9 असा वाढतो, म्हणून पुढचा फरक 11 आणि उत्तर 35. घाईत पुन्हा 9 मिळवले की 33 येते. येथे धडा वाचून उपयोग नाही, कच्चे काम नीट मांडण्याचा सराव हवा.

नोंदीची चूक : 41 वा प्रश्न सोडला आणि 42 चे उत्तर 41 च्या वर्तुळात रंगवले, तर पुढची सगळी उत्तरे सरकतात. दर दहा प्रश्नांनंतर क्रमांक ताडून पाहणे हा उपाय.

बरोबर आलेले प्रश्नही तपासायचे का?

होय, अंदाजाने सोडवलेले. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तर 20 प्रश्नांत सरासरी पाच उत्तरे बरोबर येतात. हे पाच गुण पुढच्या वेळी मिळतीलच असे नाही. सराव करताना अंदाजाच्या प्रश्नासमोर लहान खूण करावी आणि उत्तर बरोबर आले तरी तो प्रश्न वहीत घ्यावा.

ज्या उत्तराची पक्की खात्री होती आणि तरी ते चुकले, त्यालाही वेगळी खूण करावी. बटरफिल्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांच्या 2001 मधील संशोधनानुसार, खात्रीने केलेली चूक लगेच दाखवून दिली तर ती दुरुस्त होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून पेपर तपासणे आठवडाभर लांबवू नये.

उजळणी कशी करायची?

वही नुसती वाचणे ही उजळणी नव्हे. उत्तराचा रकाना झाकून प्रश्न पुन्हा सोडवायचा. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 मधील प्रयोगांत, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभरानंतरही अधिक लक्षात राहिला होता. तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने असा क्रम ठेवता येईल. सलग तीन वेळा बरोबर सुटलेल्या प्रश्नावर काट मारावी.

जव्हार-मोखाड्यात वेळेचे गणित वेगळे का?

ही परीक्षा साधारणपणे डिसेंबरमध्ये होते. भातकापणी आटोपून दिवाळी झाली की या भागातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी बाहेर पडतात. म्हणजे परीक्षा जवळ येते, तेव्हाच अभ्यास तुटण्याची भीती असते. त्यामुळे पूर्ण सराव पेपर पावसाळ्यातच सुरू करणे सोयीचे. घर हलले तरी वही सोबत नेता येते आणि तिला ना रेंज लागते ना चार्जिंग.

शिक्षकांनाही या वह्यांचा उपयोग होतो. महिन्यातून एकदा सर्व वह्या पाहून कोणता प्रश्न सर्वाधिक मुलांचा चुकला ते मोजावे. वर्गातील निम्म्या मुलांचे टक्केवारीचे गणित अडत असेल, तर नवा पेपर देण्याआधी तो धडा फळ्यावर पुन्हा घ्यायला हवा.